एलईडीच्या भिंतीवर स्कॅनलाइन का विस्कटल्या : दादरच्या एका प्रदर्शनाचा प्रकरण अभ्यास

दादरमधल्या एका जुन्या वाचनालयाने मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दशकावर प्रदर्शन भरवायचं ठरवलं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं आणि १९८२ साली रंग आला, तेवढाच कालखंड. सभासदांनी घरातून वस्तू आणून दिल्या : शटरचे लाकडी सेट, पोस्टातून मिळणारे टीव्हीचे परवाने, चाळीतल्या खोलीत टीव्हीपुढे दाटीवाटीने बसलेल्या माणसांचे फोटो. प्रवेशद्वाराशी ४ मीटर रुंद आणि २ मीटर उंच एलईडीची भिंत भाड्याने आणायची, तिच्यावर हे फोटो सावकाश बदलत राहतील आणि सगळ्यांवर जुन्या पडद्याच्या आडव्या रेषा, म्हणजे स्कॅनलाइन, असतील, अशी कल्पना होती. निमंत्रणाचं कार्ड आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची छोटी फिल्म यांनाही तेच रूप द्यायचं होतं.

काम एका तरुण डिझायनरकडे होतं आणि त्याने ते मनापासून केलं होतं. लॅपटॉपवर फिल्म छान दिसत होती. भिंतीवर चाचणी घेतली तेव्हा मात्र रेषांच्या जागी चार बोटं रुंदीचे करडे पट्टे दिसू लागले. फोटो हळूहळू मोठा होत जाई तसे ते पट्टे फुगत आणि वरखाली सरकत. चित्र काळवंडलं होतं, माणसांचे चेहरे किंचित रुंद झाले होते, आणि मोबाइलवर फोटो काढला की त्यात आणखी वेगळे काळे पट्टे येत होते. कार्डाचं प्रूफ लोअर परळच्या प्रेसमधून आलं होतं, त्यात रेषा दातेरी आणि आकाश चौकटीचौकटीचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या फिल्ममध्ये रेषांचा नुसता चिखल. या टप्प्यावर वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला बोलावलं.

एलईडी लावणाऱ्यांचं म्हणणं होतं, "सर, भिंत ओके आहे, फाइलमध्येच लोच्या आहे." डिझायनर म्हणत होता, फाइल ठीक आहे, भिंत स्वस्तातली आहे. दोघांचं म्हणणं अर्धं-अर्धं बरोबर निघालं. असं होतं तेव्हा वाद घालण्यापेक्षा एकेक गोष्ट वेगळी काढून बघावी, म्हणून भिंतीवर आधी नुसता सपाट करडा रंग लावायला सांगितला. डोळ्यांना पट्टे दिसेनात, पण मोबाइलमध्ये होतेच. म्हणजे मोबाइलमधले पट्टे भिंतीचे स्वतःचे. मग रेषांचा इफेक्ट असलेला एक फोटो स्थिर ठेवला, झूम काढून टाकला. पट्टे आले, पण जागच्या जागी. झूम सुरू केला आणि ते पळू लागले. तीन तक्रारींची तीन मुळं तिथेच वेगळी झाली.

पट्ट्यांचं गणित

भिंतीचा पिच ३.९१ मिलिमीटर होता, म्हणजे एका दिव्याच्या मध्यापासून शेजारच्या दिव्याच्या मध्यापर्यंत तेवढं अंतर. भिंत ज्या सुट्या चौकोनांची जोडलेली असते त्यांना कॅबिनेट म्हणतात. अर्ध्या मीटरच्या एका कॅबिनेटमध्ये १२८ गुणिले १२८ पिक्सेल बसतात. आडवी ८ आणि उभी ४ कॅबिनेट, म्हणून सगळी भिंत १०२४ गुणिले ५१२ पिक्सेलची. डिझायनरची फिल्म १९२० गुणिले १०८० ची होती, आणि प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचं चित्र भिंतीला पोचवणारं यंत्र, ती ओढूनताणून पूर्ण भिंतीवर बसवत होता. रुंदी आणि उंची वेगवेगळ्या प्रमाणात कमी झाली, त्यामुळे चेहरे रुंद झाले. हे कोडं चटकन सुटलं.

रेषांचं जरा सावकाश बघू. डिझायनरने एक तयार चित्र फोटोवर टाकलं होतं : २ पिक्सेल काळे, २ पिक्सेल मोकळे, पुन्हा २ काळे. चार पिक्सेलला एक रेष, म्हणून १०८० पिक्सेलच्या उंचीत २७० रेषा. आता भिंतीवर उभ्या दिशेने पिक्सेलच्या ओळी आहेत फक्त ५१२. एक रेष दाखवायला एक उजळ आणि एक काळी अशा निदान दोन ओळी लागतात. म्हणजे ही भिंत जास्तीत जास्त २५६ रेषा दाखवू शकते आणि आपण तिच्याकडे २७० मागत होतो. जादाच्या १४ नुसत्या गळून जात नाहीत. रेषा आणि ओळी एकमेकींशी कधी जुळतात, कधी चुकतात. जुळतात तिथे रेषा ठसठशीत उमटतात, चुकतात तिथे काळं आणि पांढरं मिसळून करडं होतं. खिडकीला डासांची जाळी दुहेरी लावली की दोन जाळ्यांमधून मोठ्या लाटा दिसू लागतात, तसंच हे. त्या लाटा कुठल्याच जाळीत नसतात. प्रेसवाले आणि कॅमेरावाले दोघेही याला मॉइरे म्हणतात. १४ च्या दुप्पट, म्हणजे २८ पट्टे या भिंतीवर पडायला हवे होते, प्रत्येक सुमारे १८ ओळींचा, म्हणजे ७ सेंटीमीटरचा. स्थिर फोटोवर आम्ही पट्टे मोजले, तितकेच भरले.

मग ते पळत का होते? त्याने प्रत्येक फोटोवर रेषा आधी चिकटवल्या होत्या आणि झूम नंतर दिला होता. त्यामुळे फोटोबरोबर रेषाही मोठ्या होत गेल्या. झूम ५ टक्क्यांवर पोचतो तेव्हा चौकटीत २७० ऐवजी जेमतेम २५७ रेषा उरतात. फरक १४ वरून १ वर येतो आणि २८ बारीक पट्ट्यांचे होतात दोन भलेमोठे. प्रेक्षकाला वाटतं, भिंत श्वास घेतेय. खऱ्या टीव्हीत कॅमेरा कितीही पुढे-मागे गेला तरी पडद्याच्या रेषा जागच्या हलत नाहीत, कारण त्या चित्राच्या नसतात, पडद्याच्या असतात. इफेक्ट नेहमी सर्वांत शेवटी द्यायचा, तो एवढ्याचसाठी.

चित्र काळवंडण्याचं कारण अनेक मुरलेल्या डिझायनरांनाही चकवतं, म्हणून सांगतो. अर्ध्या ओळी पांढऱ्या आणि अर्ध्या पूर्ण काळ्या असतील तर लांबून डोळ्यांत येतो तो अर्धा प्रकाश. संगणकाच्या ० ते २५५ च्या पट्टीवर अर्धा प्रकाश म्हणजे सुमारे १८८. बहुतेक सॉफ्टवेअर आणि प्रोसेसर मात्र चित्र लहान करताना थेट आकड्यांची सरासरी काढतात आणि १२८ लिहून मोकळे होतात. १२८ म्हणजे अर्धा प्रकाश नव्हे, जेमतेम २२ टक्के. बारीक रेषांचं चित्र लहान केलं की ते मरगळतं ते या हिशेबामुळे.

काकांचं उत्तर

प्रदर्शनातले दोन सेट ज्यांनी दिले ते काका लालबागला टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवत. चाचणीच्या वेळी ते तिथेच एका सेटची मागची बाजू उघडून बसले होते. डिझायनरने त्यांना विचारलं, "काका, तुमच्या वेळच्या टीव्हीवर अशाच रेषा दिसायच्या ना?"

काका म्हणाले, "अरे, अशा रेषा दिसल्या असत्या तर लोकांनी सेट उचलून माझ्या दुकानात आणला असता. लाइन दिसणं म्हणजे फॉल्ट. व्हर्टिकल, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारं सर्किट, गेलं की मधोमध एक पांढरी लाइन उरायची, बाकी सगळा अंधार."

हे ऐकून तो गडबडला, आणि मला वाटतं त्या क्षणी कामाची दिशा बदलली. काका म्हणतात त्याला आकड्यांचा आधार आहे. पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा एक झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरत चित्र रेखाटतो. आपल्याकडच्या पद्धतीत एका पूर्ण चित्राला ६२५ रेषा, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६. सेकंदाला २५ पूर्ण चित्रं, म्हणजे झोत सेकंदाला १५,६२५ वेळा पडदा ओलांडतो. जुना सेट लावल्यावर लहान मुलांना ऐकू येणारी बारीक शिट्टी याच आकड्याची. सेकंदाला २५ चित्रं सरळ दाखवली तर पडदा लुकलुकतो, म्हणून आधी विषम रेषा आणि मग सम रेषा, अशी प्रत्येक चित्राची दोन अर्धुकं सेकंदाला ५० या वेगाने दाखवायची. ही युक्ती जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या फ्रिट्झ श्रोटर यांनी १९३० मध्ये आणि अमेरिकेत आरसीए कंपनीच्या रँडल बॅलार्ड यांनी १९३२ मध्ये मांडली. सम रेषा विषम रेषांच्या बरोबर मध्ये पडतात. फटी भरून निघाव्यात हाच तर सगळा खटाटोप.

वीस इंची सेटच्या पडद्याची उंची साधारण ३० सेंटीमीटर. त्यात ५७६ रेषा, म्हणजे एक रेष अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जाड. चाळीच्या खोलीत अडीच मीटरवर बसलेल्या माणसाच्या निरोगी डोळ्यालाही पाऊण मिलिमीटरच्या आतलं अंतर वेगळं कळत नाही. आईवडलांनी त्या रेषा पाहिल्याच नाहीत. पाहिल्या असतील तर पडद्याला नाक लावून बसणाऱ्या पोरांनी.

मग डिझायनरच्या डोळ्यांसमोर होत्या त्या ठळक काळ्या रेषा आल्या कुठून? माझ्या मते व्हिडिओ गेममधून. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या कार्ट्रिजच्या गेमचं यंत्र सम आणि विषम असा खेळ करत नसे. ते दर वेळी त्याच रेषांवर चित्र काढी. निम्म्या रेषा कायम अंधारात राहत आणि पोरं तर पडद्यापासून दीड हातावर. नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना जुना टीव्ही म्हटलं की ते चित्र आठवतं, आणि आजचे तयार इफेक्टही त्याचीच नक्कल करतात. आठवण खरी आहे, फक्त ती १९७२ ची नाही.

यातून पहिला निर्णय झाला आणि तो मला आजही सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फोटोंच्या कडांना लाल-निळी झालर दिली होती ती काढून टाकली. १९८२ पर्यंत घराघरातला सेट कृष्णधवल होता. त्याच्या काचेमागे लाल, हिरवे आणि निळे ठिपके नव्हतेच, मग लाल आणि निळा सरकणार कुठून? ज्या वाचनालयाने परवान्यांवरची नोंद तपासून मग मथळे लिहिले, त्यांच्या भिंतीवर रंग दहा वर्षं आधी येणं मला पटलं नसतं.

रेषा मात्र ठेवल्या. कार्यवाहांना त्या हव्या होत्या, आणि दुरून पाहणाऱ्याला हे टीव्हीचं चित्र आहे हे सांगायला दुसरी सोपी खूण नाही. प्रश्न उरला तो त्या कशा काढायच्या हा. फोटोवर काळ्या पट्ट्या ठेवणं ही उलटी रीत आहे. पडद्यावर कोणी काळी रेष काढत नाही. काढली जाते ती उजेडाची रेष, आणि तिच्या दोन्ही अंगांना जे उरतं ते काळं दिसतं. झोताचा ठिपका कडांना मऊ असतो. उजळ भागात तो फुगतो आणि फट जवळपास बुजवतो, सावलीत तो बारीक होतो आणि फट रुंद दिसते. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर रेषा जवळपास नाहीशा व्हाव्यात आणि काळ्या केसांत त्या स्पष्ट दिसाव्यात. तयार इफेक्ट सदऱ्यावर आणि केसांवर सारखाच काळा रंग फासतो, म्हणून तो पडद्यापुढे पट्ट्यांचा पडदा लावल्यासारखा खोटा दिसतो.

भिंतीसाठी नवी फाइल

फिल्म नव्याने बांधली ती भिंतीच्या मापात, १०२४ गुणिले ५१२. एलईडीवाल्या दादांनी प्रोसेसरमधलं स्केलिंग, म्हणजे चित्र ताणून बसवणं, बंद केलं. लॅपटॉप पूर्वीसारखाच १९२० गुणिले १०८० पाठवत होता, पण भिंत त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातला आपल्या मापाचा तुकडा जसाच्या तसा उचलू लागली. फाइलमधला एक पिक्सेल, भिंतीवर एक दिवा. फोटो ४:३ च्या चौकटीत ठेवले आणि उरलेल्या जागेत मथळे.

एका रेषेला किती ओळी द्यायच्या यावर बराच वेळ गेला. दोन दिल्या तर एक उजळ, एक काळी एवढंच होतं. उजेड फुगवायला जागा राहत नाही. चार दिल्या तर आकार सुरेख येतो, १२८ रेषा होतात, पण त्या जवळून टोचतात. पट्ट्यांच्या चित्रांनी काही जणांना डोकेदुखी होते, आणि प्रकाशाने फेफरं येणाऱ्यांना त्याहून वाईट त्रास होऊ शकतो. नजरेच्या एका अंशात साधारण तीन काळ्या-पांढऱ्या जोड्या मावतात तेव्हा हा त्रास सर्वांत जास्त असतो. चार ओळींची रेष, म्हणजे १५.६ मिलिमीटर, तीन मीटरवरून या मापाच्या अगदी जवळ येते. तीन ओळींची रेष, ११.७ मिलिमीटर, त्याच अंतरावरून अंशात साडेचारच्या आसपास जाते. धोक्याच्या मापात ती येते दोन मीटरवर. म्हणून तीन ओळी पक्क्या केल्या, १७० रेषा, वर आणि खाली एकेक ओळ काळी सोडली, आणि भिंतीपुढे तीन मीटरवर दोरखंड लावला. रेषा वरखाली फिरवायची आणि अधूनमधून पडदा चमकवायची सूचना आली होती, ती मी नाकारली. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकू द्यायचं नाही हा वेबवरच्या सुगम्यतेचा जुना नियम आहे. प्रवेशद्वाराशी कोण कुठल्या प्रकृतीचं माणूस उभं असेल हे आपल्या हातात नसतं.

तीनांपैकी एक ओळ पूर्ण उजळ, एक किंचित कमी, एक फटीची. फटीची ओळ सावलीत खूप दाबली, म्हणजे गडद केली, आणि उजळ भागात फारशी दाबलीच नाही. हा सगळा हिशेब प्रकाशाच्या मापात केला, आकड्यांच्या नाही, आणि गेलेला उजेड पूर्ण चित्र उजळ करून भरून काढला. झूम आधी, रेषा शेवटी.

एका सभासदाच्या घरच्या व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटवरचा छोटा तुकडाही फिल्ममध्ये होता, नंतरच्या काळातला पण सर्वांना हवाहवासा. त्यात हात हलला की कंगव्याच्या दातांसारख्या कडा दिसत. त्या स्कॅनलाइन नव्हेत. सम आणि विषम अर्धुकं वेगवेगळ्या क्षणांची असतात आणि संगणक ती एकाच चित्रात गुंफतो, त्याचा हा दोष. तो तुकडा आधी सेकंदाला ५० पूर्ण चित्रांत उलगडून घेतला, मगच भिंतीच्या मापात आणला.

मोबाइलमधल्या पट्ट्यांचं पूर्ण निराकरण झालं नाही. एलईडीचे दिवे सतत पेटलेले नसतात. ते प्रचंड वेगाने उघडझाप करतात आणि एका वेळी काही ओळीच पेटतात. मोबाइलचा सेन्सरही चित्र ओळीओळीने वाचतो. दोघांचे ताल जुळले नाहीत की काळे पट्टे येतात. भिंतीचा रिफ्रेश, म्हणजे या उघडझापीचा वेग, १९२० हर्ट्झ होता, दादांनी तो ३८४० केला. पट्टे बरेच फिके झाले, मात्र त्या बदल्यात गडद छटा थोड्या कमी झाल्या, म्हणून फटीची ओळ मला पुन्हा जराशी उजळ करावी लागली.

कार्ड

कार्डाचं काम मला सर्वांत आवडलं. आधीच्या फाइलमध्ये रेषा ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलच्या, चित्रात रंगवलेल्या होत्या, ६० टक्के काळ्या. ऑफसेट छपाईत ६० टक्के काळा असा रंगच नसतो. तो ठिपक्यांच्या जाळीतून भासवतात. प्रेस १५० लाइनची, म्हणजे इंचात ठिपक्यांच्या १५० ओळींची, जाळी वापरत होता, म्हणजे ठिपक्याचं घर ०.१७ मिलिमीटरचं, आणि डिझायनरची रेषही नेमकी ०.१७ मिलिमीटरची. रेषेच्या जाडीत एकच ठिपका मावला, तर ती दातेरी होणारच. शिवाय कृष्णधवल फोटो चारही रंगांत फोडला होता, त्यामुळे चार कोनांच्या जाळ्या आणि त्यांच्यावर पाचवी आपली.

ठिपके आणि रेषा भांडतात, तर ठिपकेच नकोत. फोटो एकाच काळ्या शाईत घेतला आणि त्याची छटा ठिपक्यांऐवजी आडव्या रेषांच्या जाडीने दाखवली. इंचाला ५० रेषा, शून्य कोन, १२०० डीपीआयची निव्वळ काळी-पांढरी फाइल. गडद जागी काळी रेष जाड होते, उजळ जागी बारीक होते आणि मधला कागद फुगतो. कोरा कागद हाच झोत. पडद्यावर मुद्दाम घडवावं लागलेलं वागणं छपाईच्या या जुन्या रीतीत आपसूक मिळतं. फोटोच्या उंचीत सुमारे १२० रेषा आल्या. प्रेसमधल्या मशीनमॅनने भिंगातून प्रूफ पाहिलं आणि म्हणाला, "आता चिंता नाही, यात जाळीच नाही."

व्हॉट्सअ‍ॅपच्या फिल्मबद्दल मात्र कार्यवाहांशी बरीच चर्चा झाली. "सगळीकडे सारखं दिसायला हवं ना?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण ती फिल्म पाठवताना लहान होते, दाबली जाते, आणि समोरचा ती उभ्या फोनवर बघणार की आडव्या, छोट्या खिडकीत की पूर्ण पडद्यावर, हे कोणालाच ठाऊक नसतं. शेवटच्या पडद्याचं माप माहीत नसेल तर रेषा काढू नयेत, या मतावर मी ठाम राहिलो. फोनवरच्या फिल्ममध्ये गोलसर कोपऱ्यांची ४:३ चौकट आणि कृष्णधवल छटा तेवढी ठेवली. फाइल हलकी झाली आणि चेहरे स्वच्छ दिसले.

प्रदर्शन नंतर ठाण्याला गेलं. तिथली भिंत ३ मीटर बाय २ मीटर, पिच २.६ मिलिमीटर, म्हणजे ११५२ गुणिले ७६८ पिक्सेल. दादरची फाइल तिथे तशीच चालवायचा मोह टाळून डिझायनरने नवी फाइल स्वतः बांधली. दिवे बारीक असल्याने या वेळी रेषेला चार ओळी देता आल्या, १९२ रेषा, प्रत्येक १०.४ मिलिमीटरची, दादरच्या रेषेहूनही बारीक. मला त्याने फक्त दोरखंडाचं अंतर विचारायला फोन केला.